अमोनियाची बाटली

घरमालकीणबाई भाडं वाढवायला आल्या तेव्हा त्यांनी आधी पाण्याचं कौतुक केलं. खुर्चीत ऐसपैस बसून समोर आलेला पेला उजेडाला धरला, अर्धा रिकामा केला आणि म्हणाल्या, की असं पाणी पूर्वी बाटलीतून विकत घ्यावं लागायचं. आता चोवीस तास नळाला येतं, चौथ्या मजल्यापर्यंत चढतं, म्हणून तर या भागात खोली मिळावी यासाठी माणसं ओळखी काढत फिरतात. शेजारच्या इमारतीत एवढ्याच दोन खोल्यांना साडेदहा हजार मागतात. आपण मात्र जुन्या माणसांशी तसं वागणार नाही. सातचे साडेनऊ करा, पुढच्या महिन्यापासून.

ज्याच्या हाताखालून ते पाणी यायचं तो माणूस तेव्हा न्हाणीच्या दारात पाय पुसत उभा होता. पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पावर तो बावीस वर्षं ऑपरेटर होता. नदीचं चहाच्या रंगाचं पाणी एका टोकाने आत यायचं आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ होऊन बाहेर पडायचं. मधलं सगळं, तुरटी किती सोडायची, गाळ कधी काढायचा, क्लोरीन किती, हे त्याचं काम. इमारतीत त्याला पाणीवाले म्हणत. नळाचा जोर कमी झाला की लोक त्याचंच दार वाजवत, जणू टाकी तो घरी घेऊन येतो.

चार वर्षांपूर्वी प्रकल्प ठेकेदार कंपनीकडे गेला तेव्हा त्याच्या हातात एकवीस हजार पडत होते. आजही एकवीसच पडत होते. दरम्यान तेल, गॅस, मुलीची फी, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं.

घरमालकीणबाई जिना उतरल्याची खात्री झाल्यावर बायको दार लावत म्हणाली, "अहो, पाणी जरा कमी चांगलं करत जा."

तो हसला. तीही हसली.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती कॅलेंडरच्या फाटक्या पानाच्या मागे पेन्सिलीने यादी करायची. पेन्सिलच, कारण खोडता यायला हवं. त्या महिन्यात खोडरबर झिजला. मुलीची बारावी होती, तिचा क्लास ठेवला. सायकल दुरुस्ती पुढे ढकलली. दूध एक लिटरचं पाऊण झालं आणि उरलेलं पाव लिटर तिने पाण्यातून काढलं. चहाला चालतं, म्हणाली, तुम्हाला तरी कुठे कळणार आहे. शेवटी यादीच्या तळाशी एक ओळ उरली, गेले दीड वर्ष दर महिन्याला तो न चुकता लिहायला लावायचा ती. "बाटली – एकशे ऐंशी."

ही बाटली सफाईच्या सामानाच्या दुकानातून यायची. अमोनिया. घरी यायचीही नाही, परस्पर प्रकल्पावर जायची. कंपनीच्या स्टोअरमधून मिळायची ती बंद झाली तेव्हापासून तो स्वतः घेत होता. एवढं तिला माहीत होतं. का घेत होता, ते नव्हतं.

"बाकीच्यांचे नवरे दुसऱ्या बाटलीवर पैसे उडवतात," ती म्हणाली, "पण ते निदान घरी तरी आणतात."

कामाला लागते, एवढंच तो म्हणाला. तिने विचारलं, कंपनीच्या कामाला घरचे पैसे कशाला? त्या सुपरवायझरला सांगा, नाहीतर हातातलं काम तसंच राहू द्या. त्याच्याकडे याला उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड उघडावं तर पाच वर्षं झाकून ठेवलेलं सगळंच बाहेर आलं असतं. तिने त्या ओळीवर काट मारली.

पाच वर्षांपूर्वी त्याचं नाक गेलं होतं. एका दिवसात नाही. आधी साबणाचा वास गेला, मग फोडणीचा, मग एक दिवस तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेला असताना शेगडीवरचं दूध जळून पातेलं काळं पडलं आणि बायको दुसऱ्या खोलीतून धावत आली. त्याने सर्दीचं निमित्त सांगितलं. त्यानंतर एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं तेव्हाही सर्दीच होती. तिसऱ्या वेळी तिने काही विचारलं नाही. शेगडी पेटलेली असली की त्याला तिथे एकटं सोडायचं नाही, एवढं स्वतःशी ठरवून टाकलं. नवऱ्याचं नाक चालत नाही हे तिला कळलं होतं. क्लोरीनच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर असं होत असेल, असं ती धरून चालली. त्यामुळे कामावर काही अडत असेल हे तिच्या डोक्यात आलं नाही.

कामावर सगळं त्यावरच अडलेलं होतं. क्लोरीनच्या खोलीत माणसाच्या छातीपर्यंत येणारी सिलिंडरं उभी असतात. दर दोन तासांनी आत डोकावायचं, सांधे तपासायचे, आणि लॉगबुकात लिहायचं: गळती नाही. नियमाप्रमाणे तपासायचं ते अमोनियाने. काडीला कापूस गुंडाळायचा, बाटलीत बुडवायचा आणि सांध्यांजवळून फिरवायचा. कुठे बारीक जरी गळत असलं तरी तिथे पांढरा धूर दिसतो. पण असं करतं कोण. दारात उभं राहून एक श्वास घेतला की कोणालाही कळतं, म्हणून सगळे ऑपरेटर नाकानेच काम भागवायचे. कंपनीने बाटल्या बंद केल्या तेव्हा कोणी तक्रारही केली नाही.

दुसऱ्या पाळीच्या एका ऑपरेटरने वार्षिक तपासणीत डॉक्टरला भाबडेपणाने सांगून टाकलं होतं, की हल्ली वास जरा कमीच येतो. पंधरा दिवसांत त्याला हेल्पर केलं. हेल्परला हातात चौदा हजार पडतात. आणि त्याला जागा करून द्यायला त्या पाळीच्या हेल्परला घरी बसवलं.

म्हणून त्याला बाटली लागायची. डोळ्यांना दिसेल तेच त्याचं नाक. लोकांना वाटायचं, फार नियमाने चालणारा माणूस आहे. सुपरवायझर नव्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचा.

त्याच्या पाळीचा हेल्पर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. सगळे त्याला मामा म्हणत. मामा नियमाने चालणारा नव्हता, गप्पांनी चालणारा होता. दर फेरीला तो बरोबर यायचा, क्लोरीनच्या खोलीच्या दारात थांबायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "बरं आहे आज." ही त्याची सवयच. ऑपरेटर आत काडी फिरवून यायचा आणि मग दोघे फिल्टरकडे जायचे. मामा त्याला ऑपरेटरसाहेब म्हणायचा, तेही चिडवण्यासाठीच. "ऑपरेटरसाहेब, तुमच्यात नि माझ्यात सात हजारांचा फरक," तो म्हणायचा, "तुम्ही लिहिता आणि मी पुसतो."

यादीवर काट बसली तेव्हा बाटलीत तळाला चार बोटं अमोनिया उरला होता. त्याने हिशेब केला. हा त्याच्या हातातला गुणच होता. कशात किती मिसळलं की काय होतं, हेच तर तो आयुष्यभर करत आला होता. एवढ्याने तीन आठवडे निघाले असते. अर्धं पाणी घातलं तर सहा. पुढच्या महिन्यात भाड्याचा धक्का जरा पचला की बायकोला पुन्हा सांगता येईल. त्याने नळाखाली बाटली धरली.

त्या वेळी त्याला आपल्या बायकोचं पाऊण लिटर दूध आठवलं आणि हसू आलं.

अमोनिया तसाही उडत जातो. झाकण जरा सैल राहिलं, खोलीत उकडलं, की आपोआप पातळ होतो. नाक असलेला कोणीही झाकण उघडताच म्हणाला असता, की यात आता काही दम नाही. त्याला ते कळायला मार्ग नव्हता. पूर्वी बाटली उघडली की डोळ्यांना झोंबायचं. हल्ली झोंबत नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्याचे डोळे बारा महिने चुरचुरत असायचे. नाकासारखे तेही आता सरावले असतील, असं त्याला वाटलं.

त्या मंगळवारी मामाने दोन तास उशिरा येण्याची परवानगी घेतली होती. मामीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सकाळी आठच्या फेरीला ऑपरेटर एकटाच गेला. काडीला ताजा कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला, सिलिंडरच्या मानेभोवती फिरवला, मग पाइपच्या प्रत्येक सांध्याशी थांबून, खाली वाकून, सावकाश. कुठेही पांढरं दिसलं नाही. त्याने लॉगबुकात लिहिलं: आठ वाजता, गळती नाही. खाली सही केली.

मग तो उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवायला गेला. त्या वेळी ब्लोअर चालू असतो आणि शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. नऊच्या सुमारास मामा आला असावा, कारण त्याची पिशवी खुंटीला अडकवलेली नंतर सापडली. ऑपरेटरने ब्लोअर बंद केला, हात पुसत वळला, तर क्लोरीनच्या खोलीबाहेरच्या पायरीवर मामा खाली वाकून बसला होता. बुटाची नाडी बांधतोय असं वाटलं. हातात पाना होता. जवळ गेल्यावर दिसलं, की त्याच्या तोंडातून फेस येतोय आणि श्वास आत जातच नाहीये. आतला व्हॉल्व्ह घट्ट बंद केलेला होता.

ऑपरेटरने त्याला काखेत धरून ओढत वाऱ्याच्या बाजूला नेलं. सुपरवायझर वीस पावलांवरूनच तोंडावर रुमाल दाबत धावत आला आणि म्हणाला, की इथे उभं राहवत नाही इतका वास आहे, तुम्हाला आला कसा नाही?

"ब्लोअरपाशी होतो," ऑपरेटर म्हणाला.

मामाने मास्क का लावला नव्हता, हा पुढचा प्रश्न होता. मास्क सुपरवायझरच्या खोलीत कुलपात असायचा. घ्यायचा तर रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहून सही करावी लागायची. त्या दिवशीच्या पानावर कोणाची सही नव्हती. म्हणजे हेल्पर न विचारता, विनामास्क आत घुसला. कंपनीचा निष्कर्ष दुपारपर्यंत तयार झाला, फक्त टाइप व्हायचा राहिला.

तीन दिवसांनी मामाला भेटायला सोडलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. ऑपरेटर बाकावर बसला आणि हातातली सफरचंदाची पिशवी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मामाने मास्क जरा वर उचलला, दोन शब्द बोलला, परत लावला. असं तुकड्या-तुकड्यांनी तो बोलला. की साहेब येऊन गेले. त्यांना सांगितलं, माझीच चूक. सोमवारी चौकशी आहे, तुझी साक्ष आहे, त्यांनी लिहून आणलेलं असेल त्यावर सही करून टाक.

ऑपरेटरने विचारलं, की मास्क घ्यायला का नाही गेलात.

मामाने त्याच्याकडे पाहिलं. मास्क उचलला.

"रजिस्टरमध्ये कारण काय लिहू? गळती? लॉगबुकात तू आठ वाजता लिहिलंयस, गळती नाही."

ऑपरेटरच्या हातातली पिशवी घसरली. मामाने पुन्हा श्वास भरून घेतला. चार वर्षांपासून माहीत आहे, म्हणाला. एकदा तुझ्या डब्यातलं नासलं होतं. माझ्यापर्यंत वास येत होता, आणि तू शेवटचा घास बोटाने पुसून खाल्लास.

तेव्हापासून तो दारात थांबून घसा खाकरत होता. बरं आहे आज. ऑपरेटर काडी फिरवायचा ते मामाला गमतीचं वाटायचं, एवढंच.

"उपकार नाहीत केले," मामा म्हणाला. "तुला खाली ढकललं असतं, तर माझीच खुर्ची दिली असती तुला. मी कुठे बसणार होतो?"

हसायला गेला आणि खोकला इतका आला, की नर्सने ऑपरेटरला बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. शेजारणीच्या पडद्यांना टिपा घालायच्या होत्या. नाकाचं सांगितलं तेव्हा तिचं पाऊल पायडलवर चालूच होतं. बाटलीचं सांगितलं तेव्हा थांबलं. अर्धं पाणी घातल्याचं सांगितलं तेव्हा तिने पडद्याचं कापड सुईखालून काढलं आणि मांडीवर घेऊन विनाकारण सरळ करत बसली.

मग म्हणाली, की मामा वयाने मोठे आहेत, त्यांना कळतं. त्यांनी स्वतःहून सांगितलंय तर आपण मध्ये बोलून काय होणार? त्यांची छाती परत येणार आहे का? घर जाईल, मुलीचं वर्ष जाईल. सही करा.

तो हो म्हणाला. त्याने आधीच तसं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी मामी आली. लहानखुरी बाई, जाड भिंगांचा चष्मा. जिना चढताना एकेक पायरी पायाने चाचपत आली. ऑपरेटर आतल्या खोलीत होता. तो उठला, दारापर्यंत आला आणि तिथेच पडद्याआड उभा राहिला. बायकोने पाणी दिलं. मामीने ते सगळं प्यायलं, पेला पदराने पुसून खाली ठेवला, आणि आल्या कामाला हात घातला.

कंपनी म्हणते, चूक त्याची, म्हणून दवाखान्याचा खर्च आमचा. जावयापुढे हात पसरलाय, तो तरी किती देणार. ते तिचं गाऱ्हाणं नव्हतं. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"तीस वर्षं त्यांनी मास्कशिवाय त्या खोलीत पाय टाकला नाही गं. मला घरी येऊन दाखवायचे, कसा घालायचा ते. मग त्या दिवशीच कसा विसरले? माझ्यामुळे, दुसरं काय. माझ्या डोळ्यांपायी उशीर झाला, मग घाई झाली."

बायकोने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्या नवऱ्याची साक्ष आहे ना उद्या? त्याला सांग, तसं लिहून दे म्हणावं. माणसाची चूक नव्हती, बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून गडबड झाली. सगळं माझ्यावर टाक म्हणावं. मला कोण कामावरून काढणार आहे? बायकोमुळे झालं म्हटल्यावर निम्मं तरी बिल देतील. देतील ना?"

बायकोने मान हलवली. हो की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं. मामी आणखी थोडा वेळ बसली. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला दिलेले थेंब तिने त्या दिवसापासून घातलेच नव्हते. घालवतच नाहीत, म्हणाली. बायकोने तिचा हात धरून तिला खाली रस्त्यापर्यंत सोडलं.

वर येऊन तिने कॅलेंडरचं पान काढलं, उलटं केलं आणि पेन्सिल घेऊन जमिनीवर बसली. तो पडद्याआडून बाहेर आला.

"हेल्परला नक्की किती पडतात हातात?"

"चौदा."

तिने वर चौदा लिहिलं. खाली भाडं लिहायला घेतलं आणि थांबली.

"जलवाहिनी संपते त्याच्या पुढे जी वस्ती झालीय, तिकडे किती असेल भाडं?"

"एका खोलीला चारेक. पण तिकडे आपलं पाणी नाही. टँकर, तोही दिवसाआड."

तिने चार लिहिलं. त्याखाली क्लास लिहून त्यावर काट मारली. मुलगी बाहेर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, तिला न विचारता मारली. दूध अर्धा लिटर. त्याने एकदा म्हटलं, की परवा तूच सांगत होतीस, सही करा. ती यादीतून मान वर न काढता म्हणाली, की परवा मामी आली नव्हती.

शेवटची ओळ झाल्यावर तिने बेरीज केली. बेरीज चौदाच्या वर जात होती. तिने ती तशीच राहू दिली.

"उद्या सगळं सांगा," ती म्हणाली. "बाटली आपल्या पैशांची होती, हे आधी सांगा. आणि बंद मी केली."

"तुझा काय संबंध त्यात? तुला कुठे माहीत होतं?"

"मामीला कुठे माहीत होतं?"

सोमवारी चौकशीला आलेला साहेब तरुण होता, सभ्य होता, त्याने चहा मागवला. जबाब लिहून तयार होता, फक्त सही हवी होती. ऑपरेटरने सांगायला सुरुवात केली तेव्हा साहेबाने आधी नम्रपणे ऐकलं. नाकाचं ऐकून तो लिहू लागला. बाटलीपाशी त्याचं पेन थांबलं.

स्टोअरमधून बाटली देणं कधी बंद झालं, त्याने विचारलं. दीड वर्षापूर्वी, ऑपरेटरने सांगितलं. मग तुम्ही घरच्या पैशांनी आणत होतात? हो. पावत्या आहेत? बायकोने ठेवल्यात, खिळ्याला लावून, सगळ्या. साहेबाने सुपरवायझरकडे पाहिलं, सुपरवायझरने खिडकीबाहेर पाहिलं. पेनचं टोपण लागलं आणि ऑपरेटरला बाहेर थांबायला सांगितलं. तो तासभर बाहेर बाकावर बसला. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता.

अहवाल आला तो असा: व्हॉल्व्हचं वॉशर जुनं झाल्यामुळे गळती. मामाच्या दवाखान्याचं बिल कंपनी माणुसकी म्हणून भरेल. त्याच्या नोकरीचा हिशेब अपघाताच्या तारखेलाच पुरा. बाटलीचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि तो कुठेही होऊ नये म्हणून खिळ्याच्या पावत्या साहेबाने मागून घेतल्या. ऑपरेटर मात्र अहवालात होता. वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. पुढच्या पहिल्या तारखेपासून हेल्पर. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला सतरा हजारांवर घेतलं, म्हणजे कंपनीचे त्यातही चार वाचले.

घरमालकीणबाईंनी खोली सोडल्याबद्दल हळहळ व्यक्त केली, अनामत परत देताना भिंतीचा रंग कापून घेतला आणि दोन दिवसांत साडेदहाने नवा भाडेकरू आणला.

नव्या वस्तीत टँकर येतो त्या दिवशी बायको सकाळी पाचपासून पिंपं रांगेत लावते. पाणी घरात आलं की तो सवयीने एक पेला भरून उजेडाला धरतो. मग तुरटीचा खडा घेऊन पिंपात फिरवतो, सात वेळा, मोजून, आणि झाकण ठेवतो. मुलगी क्लासशिवायच परीक्षेला बसली. प्रकल्पावर तो सात किलोमीटर सायकल मारत जातो. नवा ऑपरेटर पंचविशीचा आहे. दारात उभं राहून एक श्वास घेतो आणि लिहितो. हा त्याच्या मागे फडकं घेऊन उभा असतो.

मामा घरी आला, पण जिन्याच्या दोन पायऱ्याही त्याला एका दमात चढवत नाहीत. दारातल्या खुर्चीत बसून असतो. ऑपरेटर पहिल्यांदा गेला तो दोन महिन्यांनी, एका रविवारी, बायकोला बरोबर घेऊन. एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती. मामीने दार उघडलं. बायकोला आत ये म्हणाली. त्याच्याकडे बघितलं नाही. तिला आता सगळं कळलं होतं.

मामाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हेल्परचा निळा शर्ट त्याच्या अंगावर जरा सैल होता.

"शेवटी घेतलीसच माझी खुर्ची," मामा म्हणाला.

दोघे मग पाण्याविषयी बोलत बसले. नदी कशी आहे, गाळ किती येतोय, तिसऱ्या फिल्टरची वाळू बदलली का. मामीने चहाला दूध ठेवलं आणि जिन्याखालच्या दुकानातून साखर आणायला भिंतीला धरत बाहेर गेली. बायको कोपऱ्यात स्टुलावर बसून या दोघांचं ऐकत होती. मामा सांगत होता, की पूर्वी ऊन चढलं की नदीला शेवाळाचा वास मारायचा, लांबूनच कळायचं, आज पाणी जड जाणार. हा मान डोलवत होता.

आतून करपल्याचा वास आला. बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं, त्याचं तर माहीतच होतं. मग मामाकडे पाहिलं. धूर त्याच्या खुर्चीच्या मागूनच येत होता, आणि तो शेवाळाबद्दल बोलत होता.

ती उठली, दोघांच्या मधून वाट काढून आत गेली आणि शेगडी बंद केली. मग मामी परत यायच्या आत पातेलं घासायला बसली.